चौघांचा नाताळ, ओव्हन नाही, आणि सासूबाई म्हणतात हा काय नाताळ

प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकहून बदली होऊन जळगावात आलेलं कुटुंब आहे, नवरा-बायको, ६ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. दरवर्षी नाशिकला मोठ्या दिरांकडे ४० माणसांत नाताळ व्हायचा, यंदा २५ तारखेची एकच सुट्टी म्हणून जाता येत नाही. फ्लॅट दोन खोल्यांचा, ओव्हन नाही, खर्च फार नको, आजूबाजूला ओळखी झालेल्या नाहीत, आणि सासूबाई दिवसातून दोनदा म्हणतात की चार माणसांत कसला आलाय नाताळ. तर पोरीला नाताळ आला असं वाटावं यासाठी घरातल्या घरात काय करायचं.

पोरी, तुला तू म्हणते हं, माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल. माझं माहेर नवापूर तालुक्यातलं, ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात नी अर्धं गुजरातेत आहे ना, तिथून थोडं आत. आमच्याकडे नाताळ म्हणजे मंडप, तीन चुलींवर पातेली, सगळं गाव एका पंगतीला, आणि रात्रभर ढोल. तिथून लग्न होऊन भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये आले तर पहिल्या नाताळला घरात माणसं दोन, मी आणि हे, आणि त्यातले हे रात्री ड्यूटीवर. मी त्या दिवशी पाटावर बसून रडलेय, खोटं कशाला सांगू. त्यानंतर ३१ नाताळ केले, बहुतेक सगळे चार-पाच माणसांचेच, २६ वर्षं संडे स्कूल घेतलं, आता घरून केकच्या ऑर्डरी पण घेते. म्हणजे या विषयात जेवढं चुकायचं ते माझं सगळं चुकून झालेलं आहे.

पहिलं काम, कागद घे आणि एक वेळ लिही. २४ तारीख, संध्याकाळी ७ ते साडेआठ. या दीड तासात चौघं जण आंघोळ करून, बऱ्या कपड्यात, एका सतरंजीवर, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि तू गॅससमोर नाहीस. हे शेवटचं नीट वाच. ४० माणसांच्या घरात दहा बायका असतात गं, एक भाजी बघते, एक पोरं बघते, एक नुसती गप्पा मारत लसूण सोलते, म्हणून तिथे दहा पदार्थ होतात. तुझ्या घरात हात दोन. तेच दहा पदार्थ तू एकटी करायला गेलीस की २४ च्या रात्री ११ ला तू घामेजलेली, सासूबाई दमलेल्या, नवरा टीव्हीसमोर आणि पोरगी सोफ्यावर झोपलेली, हा आमच्या घरचा तिसऱ्या वर्षीचा नाताळ आहे, मी डोळ्याने पाहिलाय. घरातला छोटा नाताळ माणसं कमी म्हणून बुडत नाही, एकीच्याच अंगावर पडतो म्हणून बुडतो. त्यामुळे माझा नियम असा की जे २३ च्या रात्रीपर्यंत करून ठेवता येत नाही ते यादीतच घ्यायचं नाही, भात-भाकरी आणि २५ च्या मटणाचा रस्सा सोडून.

आणि ती वेळ तुमच्या चौघांच्या सोयीची असू दे, कॅलेंडरची नसली तरी चालेल. आमचे हे मालगाडीवर गार्ड. मोठा ७ चा नी धाकटी ४ ची होती, २४ ला दुपारी सगळं तयार, आणि पाचला कॉलबॉय, म्हणजे ड्यूटीचा निरोप आणणारा रेल्वेचा माणूस, दारात. सही केली, गार्डाची सामानाची पेटी गेली, हे गेले, ते थेट २६ ला दुपारी आले, डोळे लाल, अंगाला डिझेलचा वास. शेजारच्या म्हणाल्या आता झाला तुमचा नाताळ. मी म्हटलं नाही झाला. त्यांना ४ तास झोपवलं, आणि २६ ला संध्याकाळी सातला दार लावून सगळं पहिल्यापासून केलं, तोच दिवा, तेच वाचन, तोच केक, जरा कोरडा झालेला. पुढच्या वर्षी बाप २४ ला घरीच होता, तरी २६ ला पोरं दिवा घेऊन तयार, म्हणे दुसरा नाताळ कुठंय! चार वर्षं दोनदा केला आम्ही. पाळकसाहेबांना भीत भीत सांगितलं तर ते म्हणाले बायबलात तारीख दिलेलीच नाही, २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी लेखी नोंद रोमची आहे, इ.स. ३३६ ची, आणि रशियातले ख्रिस्ती लोक आजही ७ जानेवारीला करतात. तेव्हा तुझ्या नवऱ्याची २४ ला सेकंड शिफ्ट निघाली तर रडत बसू नको, वेळ सरकव, पण जी ठरवशील ती मोडू नको.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं खोटं नाही, त्यांना ४० माणसांत मोठेपणा होता आणि इथे त्या कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेल्या आहेत. त्यांना मदतीला घेऊ नको, त्यांना काम दे, दोन्हीत फरक आहे. दोन कामं सांगते. एक, फराळातला एक पदार्थ त्यांनी ठरवायचा, त्यांच्या आईच्या घरचा, आणि तू त्यांच्या हाताखाली. दुसरं, २४ ला लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, पहिल्या २० ओव्या त्यांनीच वाचायच्या, ४ मिनिटं लागतात. चष्मा लागत असेल तर मोठ्या अक्षरातलं बायबल आधी आणून ठेव, आयत्या वेळी "तूच वाच" म्हणाल्या तर सगळं ढेपाळतं. वाचून झालं की विचारायचं, आई तुमच्या लहानपणी नाताळ कसा व्हायचा. मग गप्प बसायचं. आमच्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी "काही नाही, गूळ-भाकर खायचो" एवढंच सांगितलं, दुसऱ्या वर्षी अर्धा तास बोलल्या, तिसऱ्या वर्षी आम्हाला वाचनच लवकर आटपायला लावलं.

खाण्याचं. फराळाचे फक्त दोन पदार्थ. एक सासूबाईंचा, करंजी म्हण, शंकरपाळे म्हण, त्या ठरवतील ते. दुसरी नानकटाई, आणि ती घरी भाजायच्या भानगडीत पडू नको, तुमच्या भागातल्या जुन्या भट्टीवाल्या बेकरीत विचार, मैदा, तूप, पिठीसाखर, रवा आपण न्यायचं नी ते किलोवर मजुरी घेऊन भाजून देतात, आमच्याकडे दिवाळी-ईदला रांग लागते, डिसेंबरात निवांत असतात. पत्र्याचा डबा घरून न्यायचा, त्यावर नाव लिहायचं, नाहीतर कुणाची तरी जळकी नानकटाई घेऊन घरी येशील. पोरीला सोबत ने, गरम ट्रे बाहेर येतो तो वास तिला दाखव.

केक मात्र घरात कर, ओव्हन नको. जाड बुडाची जुनी कढई किंवा जुना कुकर, नवीन घेऊ नको कारण कोरड्या आचेने भांडं खराब होतं. तळाला दीड इंच जाड मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती, त्यावर रिंग नाहीतर वाटी उपडी, झाकण लावून १० मिनिटं मध्यम आचेवर तापवायचं. कुकर असेल तर शिट्टी काढ आणि रबर पण काढ. रबर काढ, दोनदा लिहिते. मी पहिल्या वर्षी शिट्टी काढली नी रबर विसरले, घरभर टायर जाळल्यासारखा धूर, आणि केकला असा वास की बाहेरच्या कुत्र्याने हुंगून सोडून दिला. हे मात्र दोन तुकडे खाऊन म्हणाले ठीक आहे, तेव्हा कळलं माणूस चांगला मिळाला.

६ इंची डब्याचं माप: १०० ग्रॅम लोणी (मीठ नसलेलं), १०० ग्रॅम पिठीसाखर, २ अंडी, १२५ ग्रॅम मैदा, पाऊण चमचा बेकिंग पावडर, १५० ग्रॅम सुका मेवा आणि टूटीफ्रूटी, थोडी दालचिनी-जायफळ. लोणी नी साखर पांढरट होईपर्यंत फेटायची, थंडीत लोणी दगड होतं म्हणून तासभर आधी बाहेर काढून ठेव. अंडी एकेक, मग मैदा, मग मेवा. मेव्याला आधी चमचाभर कोरडा मैदा चोळ, नाहीतर सगळा तळाला जाऊन बसतो. नाताळच्या केकला तो काळसर रंग कशाने येतो तर जळवलेल्या साखरेने, अर्धी वाटी साखर जाड भांड्यात कोरडीच वितळू द्यायची, मधासारखी दिसेल तेव्हा थांबायचं नाही, कडक चहासारखी गडद झाली की गॅस बंद आणि लांब उभं राहून पाव वाटी गरम पाणी सावकाश, ते फार उडतं, पोरीला तेवढ्या वेळ बाहेर काढ. गार झाल्यावर त्यातले ३ मोठे चमचे पिठात. बारीक आचेवर ४५ मिनिटांनी सुरी घालून बघ, पहिली ४० मिनिटं झाकण उघडायचं नाही, कितीही वास सुटला तरी.

मेवा लोक रममध्ये भिजवतात, आमच्याकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, दारू घरात येत नाही, आम्ही संत्र्याच्या रसात भिजवतो, डिसेंबरात नागपुरी संत्री जळगावात स्वस्त असतात. फक्त फ्रिजमध्ये ठेव आणि ३-४ दिवसांच्या वर नको, रसाला रमसारखी टिकायची ताकद नसते, एका बाईने महिनाभर ओट्यावर भिजवून माझ्याकडे आणला होता, झाकण उघडल्यावर बोलायला काही उरलं नाही. आणि अंड्याचा नको असेल तर केळ्याचा कर, जळगावात राहून केळ्याचा केक नाही केला तर काय केलं. दोन पिकलेली, सालीवर काळे ठिपके आलेली केळी अंड्यांच्या जागी, बेकिंग पावडर तेवढीच आणि वर पाव चमचा खाण्याचा सोडा. थोडा जड होतो, पण दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो. केक २१-२२ ला करून डब्यात बंद कर, ताजा केक कापताना भुगा होतो.

२४ च्या रात्रीचं जेवण तुरीच्या डाळीची खिचडी. हसू नको. खान्देशात निम्म्या घरांत रात्री खिचडीच असते, एक कुकर, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, भाजलेला बिबडा नाहीतर पापड, लोणचं. सातच्या आधी कुकर लावून ठेवायचा, साडेआठला उघडायचा, तू सतरंजीवरून उठायची गरज नाही. मटण २५ ला. त्याचं वाटण, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला, २३ ला करून फ्रिजमध्ये, आणि २४ ला दुपारी रस्सा करूनच ठेव, मटण मुरल्यावर चांगलं लागतं हे तुला सासूबाई पण सांगतील. २५ ला चर्चवरून आल्यावर फक्त भाकरी.

आता झाड. प्लास्टिकचं झाड आणू नको, निदान यंदा नको. या दिवसांत जळगावच्या बाहेर कुठल्याही रस्त्याला १० मिनिटं गेलीस की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं वाळकं झाड, उभी असते, कापूस वेचून झालेला, पानं गळालेली, वरच्या फांद्यांना चुकार दोन-चार बोंडं फुटलेली. शेतकरी तशीही ती उपटायच्याच मागे असतो, गुलाबी बोंडअळीमुळे कृषीवालेही सांगतात की फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक ठेवून पुन्हा कापूस, घेऊ नका, डिसेंबरात पऱ्हाटी काढून टाका. विचारून एक मागून घे, कुणी नाही म्हणत नाही, उलट दहा देतात. चार-साडेचार फुटांची, सरळ बुंध्याची, फांद्या वर जाताना आखूड झालेल्या बघ. घरी आणल्यावर दोन दिवस गच्चीत उन्हात आडवी टाक आणि जोरात झटक, किडकी, न फुटलेली बोंडं तोडून तिथेच संपव, नाहीतर २५ ला अळी उपासनेला हजर. फुटलेली बोंडं राहू दे. मग तेलाच्या रिकाम्या डब्यात ओली रेती घट्ट दाबून त्यात रोव, डब्याला जुनी साडी गुंडाळ.

ती करड्या-तपकिरी रंगाची वाळकी फांदी आणि त्यावर तो पांढरा कापूस, त्याच्यामागे पिवळ्या दिव्यांची बारीक माळ लावून खोलीतली ट्यूब बंद केलीस ना की बघ. दुकानातल्या झाडावर लोक कापसाचं बर्फ चिकटवतात, इथे झाडच कापसाचं. आमच्या शेजारच्या आजी पहिल्यांदा बघायला आल्या नी दारातच थांबल्या, "माय वं, हाई तं पऱ्हाटी शे!" मग आत येऊन त्यांनी एक बोंड नीट फिरवून समोर केलं, आयुष्यभर वेचणी केलेला हात तो, आणि म्हणाल्या आता बरी दिसते. आजींना त्यानंतर दरवर्षी मी झाड उभं करायला बोलवायचे.

दोन सूचना, आणि यात चालढकल नको. मेणबत्ती या झाडापासून लांब, दुसऱ्या भिंतीला, कोरडा कापूस नी कोरडी काडी एका ठिणगीत जाते. माळ एलईडीचीच, जुन्या बारीक बल्बची तापते ती नको, आणि झोपताना बंद. दुसरं, झाडाला सोनेरी-चंदेरी स्प्रे मारू नको, का ते शेवटी सांगते. टांगायला पोरीला काय आवडेल ते, आम्ही चिक्कीचे तुकडे रंगीत कागदात बांधून टांगायचो, २४ पर्यंत निम्म्या पुड्या रिकाम्या निघायच्या.

गव्हाणीसाठी, म्हणजे बाळ येशूला ज्या गुरांच्या चाऱ्याच्या जागेत ठेवलं तिच्या देखाव्यासाठी, पुठ्ठ्याचं खोकं, वर ज्वारीचा कडबा. बैल विकत आणू नको, पोळ्याचे मातीचे बैल कुणाकडे तरी माळ्यावर असतातच, एक शिंग मोडलेलं असलं तरी चालतं. आमच्याकडे गव्हाणीत पोळ्याचे बैल बघून एक पाहुणे म्हणाले हे बरोबर नाही. अहो बरोबर काय, गव्हाणी मांडायची पद्धत गाजवली असिसीच्या फ्रान्सिसने, १२२३ साली इटलीत ग्रेचो गावात, त्याने तिथलाच खराखुरा बैल नी गाढव आणून उभं केलं होतं, आणि लूकमध्ये तर बैलाचा उल्लेखच नाही, नुसती गव्हाणी आहे. मग आपला बैल खान्देशातलाच असणार ना. गाढव मात्र मातीचं मिळत नाही, आमच्याकडे २० वर्षं एक प्लास्टिकचा घोडा गाढवाचं काम करतोय. मागी लोकही, म्हणजे तारा बघून बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, तीनच हवेत असं नाही, मत्तयाने आकडा दिलेला नाही, बाहुल्या दोनच असतील तर दोन ठेव.

पोरीला डिसेंबरच्या सुरुवातीलाच गव्हाणीचं काम दे. रोज एखादं चांगलं काम केलं की कडब्याची एक काडी गव्हाणीत, २४ ला त्यावर बाळ ठेवायचं. माझ्या मोठ्याने पहिल्याच दिवशी अख्खी पेंढी कोंबली, म्हणे येशूला थंडी वाजेल. मी रागावणार होते, पण त्या आठवड्यात भुसावळला खरंच कडाक्याची थंडी होती आणि तो स्वतः स्वेटर न घालता हिंडत होता. राहू दिलं. बाळ ठेवलं तर कडब्यात दिसेचना.

तारा घरीच होतो, संक्रांत जवळ आल्यामुळे पतंगाचा कागद आणि कामट्या दोन्ही मिळतात. दोन-दोन फुटांच्या १० कामट्या, पाच-पाचाचे दोन तारे बांधायचे, टोकं एकमेकांना बांधायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत ४ इंची कामटीचे तुकडे आडवे बसवून दोन्ही तारे फुगवायचे, मग कागद. हे नवऱ्याचं काम. त्याला येत नाही म्हणेल, येतं. पहिला वाकडा होतो, वाकडाच टांग. आत ५ वॅटचा एलईडी बल्ब, आणि गॅलरीत दव पडतं म्हणून होल्डरच्या जोडावर टेप नीट.

आता तो दीड तास. सातला घरातले सगळे दिवे बंद. ट्यूब विझल्यावर जो एक क्षण अंधार होतो ना, त्यात पोरं आपोआप हळू बोलायला लागतात, तुला काही सांगावं लागत नाही. एक मेणबत्ती, ती सगळ्यात लहानाने लावायची, तू हात धर. मग एक गीत. तुमच्यात सुरात कुणी गात नसेल तरी हरकत नाही, आणि युट्यूबवर लावू नको, घरातला बेसूर आवाज चालेल. मराठीत आपली सोय ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी करून ठेवलेली आहे, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ ला गेले, तेवढ्या २४ वर्षांत अभंगाच्या, भजनाच्या चालीतली इतकी गीतं लिहिली की पेटी नसली तरी टाळ आणि हाताच्या टाळ्यांवर गाता येतात. तुमच्या मंडळीच्या गीतपुस्तकात त्यांचं नाव शोध, सासूबाईंना दोन-चार तोंडपाठ असणारच. मग सासूबाईंचं वाचन. मग पोरगी बाळ ठेवणार. मग प्रार्थना, प्रत्येकाने एकच वाक्य, नवऱ्यांची प्रार्थना लांबते म्हणून नियम आधीच सांग. मग सासूबाईंची गोष्ट, मग केक, मग भेटी.

भेटींसाठी चिठ्ठ्या टाका, १ तारखेलाच, चौघांच्या चार, ज्याचं नाव आलं त्यालाच एक भेट, किंमत १५० च्या आत नाहीतर हाताने केलेली. चौघांत चिठ्ठी गुप्त राहत नाही, त्यातच मजा आहे. सांताक्लॉजबद्दल माझं मत विचारशील तर ६ वर्षांच्या पोरीला खोटं सांगायची गरज नाही आणि टोपी काढून घ्यायचीही नाही, चौथ्या शतकात मायरा गावचा निकोलस नावाचा बिशप होता, गरिबांना गुपचूप मदत करायचा असं लोक सांगत आले, तेवढं सांग, ती पुढचं खेळून घेईल.

नाशिकचा व्हिडिओ कॉल साडेआठच्या नंतर. आधी लावलास तर ४० माणसं एकेक करून स्क्रीनवर येतील, तुमचा नाताळ त्यांच्या मंडपात जाईल आणि फोन ठेवल्यावर सासूबाईंना घर अजूनच रिकामं वाटेल. आधी आपलं होऊ दे, मग त्याच फोनवर पऱ्हाटी दाखवतील आणि वर सांगतील की मी वाचन केलं.

शेजाऱ्यांचं अजिबात टाळू नको, नवीन गावात ओळखी व्हायला यापेक्षा सोपा रस्ता नाही. दिवाळीला त्यांनी ताटं पाठवली असतील, आता तुझी पाळी. फक्त अंडं लपवायचं नाही. जळगावात जैन, मारवाडी घरं भरपूर, बऱ्याच लेवा पाटील घरांतही अंडं चालत नाही, आणि मार्गशीर्ष चालू असेल तर गुरुवारवाल्या बायका महिनाभर खात नाहीत. म्हणून शेजारच्या ताटात करंज्या, नानकटाई आणि फक्त केळ्याचा केक, आणि देताना तोंडाने सांगायचं, "यात अंडं नाही, वेगळ्या भांड्यात केलाय", आणि खरंच वेगळ्या भांड्यात करायचा. ताट पोरीच्या हातात दे, तू मागे उभी राहा. ताट रिकामं परत येत नाही आपल्याकडे, साखर तरी येतेच, आणि तेवढ्या निमित्ताने ती बाई तुझ्या दारात उभी असते.

चर्चमध्ये आठवडाभर आधी पाळकसाहेबांना भेटून नंबर आणि पत्ता देऊन ठेव, नवीन कुटुंब आहे कळलं की कॅरोलवाली पोरं येतात, ढोलकी घेऊन, रात्री ११ नाहीतर १२ ला, वेळेची अपेक्षाच ठेवू नको. बिल्डिंगमध्ये वर-खाली आधी सांगून ठेव. चहा आणि शेव एवढं पुरे, पण चहा जास्त टाक, पंधरा जण सांगतात नी पंचवीस येतात. त्या १० मिनिटांत तुझ्या दोन खोल्यांत सासूबाईंना हवी तेवढी माणसं होतील. २५ ला सकाळची उपासना, मग मटण, मग झोप, त्याबद्दल काय सांगायचं.

राहिलं झाडाचं. ६ जानेवारीपर्यंत ठेव, प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, त्या दिवशी मागी लोक गव्हाणीपाशी आणून ठेवायचे. मग माळ काढ, बोंडांतला कापूस काढून सासूबाईंना वाती वळायला नाहीतर उशीत भरायला दे, दोरे-कागद सगळं काढ आणि पऱ्हाटी मोडून तिच्या हातभर काड्या कर. स्प्रे मारू नको म्हटलं ते यासाठी. जळगावची भरताची वांगी, हिरवी-पांढरी, मोठी, २०१६ ला केळ्याच्या बरोबरीने त्यांनाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, ती खरी भाजतात कापसाच्या काड्यांवरच, गॅसवर तो धुराचा वास येत नाही. तुमच्या भागात मोकळी जागा असेल तिथे नाहीतर कुणाच्या शेतावर, तोपर्यंत ओळख झालेलीच असेल. दोन किलो वांगी, तेल लावून, काड्या पेटवून वर टाकायची, फिरवत राहायचं, साल काळी होऊन पाणी सुटलं की काढायची. मिरची-लसूण ठेचून, पातीचा कांदा, शेंगदाणे, कोथिंबीर, वरून तेल, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. शेजारच्या ज्या बाईने ताटात साखर पाठवली होती तिला आधी बोलव, वांगी ठेचायला तिचाच हात लागेल, नाशिकच्या माणसाला ते जमत नाही.